गोदाकाठी झोपणारे निवारागृहात का जात नाहीत?

पंचवटीकर: नाशिकमध्ये रामकुंडाच्या परिसरात कित्येक जण थंडीतही उघड्यावर झोपतात. बेघरांसाठी निवारागृहाची योजना असताना ते तिथे का जात नाहीत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

सातपूरवासी: शहरी गरिबांसाठीच्या केंद्राच्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा निकष दर लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांच्या निवाऱ्याचा होता. २०११ च्या जनगणनेनुसार नाशिकची लोकसंख्या सुमारे १४.८६ लाख होती, म्हणजे तेव्हाच्या हिशेबानेच जवळपास दीड हजार जणांची सोय हवी.

गंगाघाट: खाटांचा हिशेब योग्यच आहे, परंतु माझ्या मते खरी अडचण अंतराची आहे. मार्केट यार्डातील हमाली किंवा मंगल कार्यालयातील वाढप्याचे काम अवेळी मिळते आणि अवेळीच संपते. त्या वेळी सिटीलिंकची (शहर बससेवेची) बस नसेल, तर रिक्षाचे भाडे देऊन निवाऱ्यात पोहोचण्यापेक्षा माणूस घाटावरच पथारी टाकतो. शिवाय स्त्री-पुरुषांची सोय स्वतंत्र असली, की कुटुंबे तिकडे फिरकत नाहीत.

पंचवटीकर: अंतराचा मुद्दा पटला. मग २०२७ च्या सिंहस्थासाठी घाट मोकळे करताना या लोकांना पंचवटीतच जागा द्यावी, अशी लेखी मागणी आपण महापालिकेकडे करू शकतो का?

सातपूरवासी: अवश्य. मसुदा मी तयार करतो.