सावरलो आहोत की दुःखाला वळसा घालतो आहोत, हे कसे ओळखावे?

प्रश्न:
गेल्या वर्षी पावसाळ्यात माझे वडील गेले. तेव्हापासून घर, नोकरी आणि आईची औषधे मी नीट सांभाळते आहे, पहाटे न चुकता चालायला जाते, आणि ‘किती लवकर सावरलीस’ असे सगळे म्हणतात. मात्र ज्या रुग्णालयात ते शेवटी होते, त्या रस्त्याने मी रिक्षा नेऊ देत नाही आणि त्यांचे कपाट अजून उघडलेले नाही. मनाला आलेली ही शांतता दुःख निवल्याची आहे की मी त्याच्या वाटेलाच जात नाही म्हणून आहे?

प्रतिसाद १:
चालणे किंवा कामात गुंतणे यांत गैर काहीच नाही. त्यांच्या आधाराने माणूस दिवस काढतो. एखाद्या दिवशी चालणे चुकले तर नुसती चुटपुट लागते की जीव थाऱ्यावर राहत नाही, हे मात्र पाहावे. रस्त्याचे वेगळे आहे. तो टाळला की तत्काळ हायसे वाटते, आणि त्या सुटकेमुळेच पुढच्या वेळी तो अधिक भयंकर भासतो.

प्रतिसाद २:
शोकाचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट यांनी 1999 मध्ये मांडलेल्या प्रारूपानुसार शोकात माणूस गेलेल्या व्यक्तीची आठवण आणि पुढचे आयुष्य यांच्यात सतत ये-जा करतो. ही ये-जा चालू असणे हेच निरोगी. आपल्या लिहिण्यात मात्र फक्त पुढच्या आयुष्याची बाजू दिसते. गेलेल्या व्यक्तीची तीव्र ओढ सहा महिन्यांनंतरही ओसरत नसेल आणि रोजचे व्यवहार अडत असतील, तर जागतिक आरोग्य संघटनेचे वर्गीकरण त्याला दीर्घकालीन शोकविकार मानते. तसे वाटल्यास ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

प्रतिसाद ३:
माझे यजमान गेल्यावर मीही कपाट बंद ठेवले होते. नणंदेला सोबत घेऊन उघडले, तेव्हा चष्म्याच्या डबीत घडी केलेले एसटीचे तिकीट निघाले आणि मी पुष्कळ रडले. ‘ही पुन्हा खचली’ असे घरच्यांना वाटले, पण मला तेव्हापासूनच खरे बरे वाटू लागले, असे मी म्हणेन. त्याआधी त्यांचे नाव निघाले की अतिदक्षता विभागच डोळ्यांसमोर येई. नंतर त्यांचा हट्टीपणा, भाजी निवडताना घातलेले वाद, सगळेच आठवू लागले, आणि ते मुलांना सांगताना आवाज भरून आला तरी वाक्य पूर्ण करता येऊ लागले. ताई, सुरुवात एका खणापासून करा. त्याआधी आईंना एकदा विचारा. त्या कदाचित तुमच्यासाठीच ते कपाट बंद ठेवत असतील.