टायगर मॉथचं १९४१चं पॅनेल १९४१चंच ठेवावं का?

मॉथवेडा

आमच्या चौघांच्या भागीदारीतलं टायगर मॉथ, म्हणजे उघड्या कॉकपिटाचं, दोन सीटचं जुनं प्रशिक्षण विमान, सध्या इंग्लंडमधल्या बेडफर्डशरमध्ये एका शेडमध्ये सांगाडा उघडा टाकून उभं आहे. १९४१ साली काउलीच्या मॉरिस मोटर्सच्या कारखान्यात बनलेलं. पंखांचं कापड, लाकूडकाम, जिप्सी मेजर इंजिन, यांवर चौघांचं एकमत आहे. वाद पेटलाय तो मागच्या कॉकपिटच्या पॅनेलवरून, म्हणजे डायली बसवलेल्या फळीवरून. तिघांचं म्हणणं, वेग नॉटमध्ये (तासाला सागरी मैलांत) दाखवणारी डायल, रेडिओ आणि नकाशा दाखवणारा छोटा पडदा बसवावा. माझं म्हणणं, यातलं काहीही नको. म्हणून हा धागा.

या विमानात युद्धकाळात शिकाऊ पोरं मागच्या सीटवर बसायची. प्रशिक्षक पुढे. मागच्याच्या समोर काय असायचं? वेगाची डायल, उंची दाखवणारा अल्टिमीटर, इंजिनाचे फेरे, तेलाचा दाब, वळण आणि घसरण दाखवणारं रीड अँड सिग्रिस्टचं यंत्र, आणि रंगीत द्रव भरलेली एक वाकडी काचेची नळी, नाक वर आहे की खाली ते सांगणारी. खाली स्टिकच्या, म्हणजे विमान वळवायच्या दांड्याच्या, पुढे होकायंत्र. पेट्रोलचा मापक पॅनेलवर नाहीच, तो डोक्यावरच्या टाकीवर, तरंगत्या दांडीचा. संपलं. पॅनेलवर विजेची वायर एकही नाही, कारण बॅटरीच नाही.

या पॅनेलवर बघण्यासारखं फार काही नाही, म्हणून पोरगं बाहेर बघायला शिकायचं. क्षितिजाची रेघ पंखांच्या मधल्या दांड्यांना कुठे छेदते, गालावर वारा एका बाजूने जास्त लागतोय का, पंखांना ताणून धरणाऱ्या तारांचा आवाज उतरलाय का. त्या पॅनेलवर पडदा बसवला की नजर आत ओढली जाते, आणि मग हे वेगळंच विमान होतं. पॅनेलवरची मोकळी जागासुद्धा मूळची आहे, आणि तीही जपायची गोष्ट आहे, असं मी मानतो.

नॉटवाला

असहमत, आणि मी हे विमान शिकवणारा म्हणून बोलतोय. बाकीचं सोडा, फक्त वेगाच्या डायलीवर बोलतो.

तुमच्या १९४१च्या डायलीवर आकडे तासाला मैलांचे आहेत. युद्ध संपता संपता ब्रिटिश हवाई दलाने मैल सोडून नॉट धरले. आज तुमच्याकडे येणारा प्रत्येक पायलट नॉटवर शिकलेला आहे. त्याच्या डोक्यात बसलंय की उतरताना ५८ ठेवायचे. त्याने तुमच्या डायलीवर ५८ धरले तर प्रत्यक्षात तो जेमतेम ५० नॉटने येतोय. शेवटच्या वळणात, जमिनीपासून दोनतीनशे फुटांवर, समोरून झुळूक मेली, तर हातात काय उरलं?

संग्रहालयात टांगायचं असेल तर मैल ठेवा, फर्लांग ठेवा, माझी हरकत नाही. उडवणार असाल तर डायल हे उपकरण आहे आणि ते उडवणाऱ्याच्या भाषेत बोललं पाहिजे.

नाशिकचा_फिटर

मी आयुष्यभर विमानांची उपकरणं खोलून बसवली. पहिली काही वर्षं एका फ्लाइंग क्लबात, पुष्पक विमानांवर. या वादातली एक गोष्ट अजून कुणी काढली नाही, ती आधी सांगतो.

मॉथवेडा, तुमच्या त्या अस्सल डायलींवरचे आकडे आणि काटे कशाने रंगवलेत? त्या काळच्या लष्करी डायली असतील तर बहुधा रेडियमच्या रंगाने. अंधारात चमकणारा तो रंग म्हणजे रेडियम आणि झिंक सल्फाइड यांचं मिश्रण. चमकतं ते झिंक सल्फाइड, आणि ते काही वर्षांत थकतं. आज ती डायल अंधारात काळीठिक्कर दिसते, म्हणून लोक समजतात की विषय संपला. रेडियम मात्र तिथेच आहे. १६०० वर्षांनी ते निम्मं होईल.

आमच्या वेळी जुन्या डायली बिनधास्त उघड्या हातांनी खोलल्या जायच्या, काटा सरळ करताना फुंकर मारून धूळ उडवली जायची. कोणी सांगितलंच नव्हतं. ते आठवलं की आजही छातीत धस्स होतं. न्यू जर्सीत घड्याळांच्या डायली रंगवणाऱ्या मुली ब्रश ओठांनी टोकदार करायच्या आणि त्यांच्या जबड्याची हाडं सडली, हे १९२०च्या दशकातच जगाला कळलं होतं. तरीही.

तेव्हा अस्सलपणाची हौस करा, पण काच उघडू नका.

मॉथवेडा

फिटरकाका, तुमचा प्रतिसाद वाचून काल रात्री शेडमध्ये गेलो. आमच्याकडे दोन अल्टिमीटर आहेत. एक विमानाबरोबर आलेला, दुसरा जुन्या विमानांच्या सुट्या भागांच्या बाजारातून उचललेला. आपल्या जुन्या बाजारासारखंच असतं तिथे, चादर अंथरून मांडलेलं.

दुसऱ्याची काच किंचित सैल होती. आकडे मूळचे फिकट हिरवट असणार, ते आता चिकूच्या सालीच्या रंगाचे झालेत. ७ च्या आकड्याचा एक पोपडा निघून काचेच्या खालच्या कडेला, कडं आणि काच यांच्या फटीत पडलेला दिसला. मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढा. मित्राचा गायगर मापक जवळ नेला तर टिकटिक इतकी दाटली की वेगवेगळे ठोके ऐकूच येईनात, नुसती चरचर. मापक हातभर मागे घेतला तेव्हा ठोके सुटे झाले.

दोन्ही डायली जाड पिशव्यांत बंद करून वेगळ्या पेटीत ठेवल्या आहेत. परवाना असलेल्या कार्यशाळेत जातील, तिथे रंग उतरवतील आणि बिनकिरणोत्सारी रंगाने त्याच वळणाचे आकडे पुन्हा छापतील. या मुद्द्यावर मी पूर्ण माघार घेतो. उघड्या कॉकपिटात कोणाच्या मांडीवर तो पोपडा पडावा, इतकं अस्सल मला नको.

पण प्रश्न उरतो. नवे आकडे कुठल्या रंगाचे? १९४१ साली दिसत तसे ताजे हिरवट, की ८० वर्षांनी तपकिरी झालेले? मी ताज्याच्या बाजूचा आहे. जुनेपणाचा लेप देणं मला खोटं वाटतं. डायल खरोखर म्हातारी झाली तर तो तिचा मान आहे, आपण रंगवून म्हातारी केली तर ती बतावणी.

भोकांची_वही

मी संग्रहालयात वस्तू जतन करण्याचं काम करते, विमानांचं नाही, पण प्रश्न तोच. मॉथवेडा, पॅनेलवर मूळची सोडून आणखी भोकं आहेत का?

मॉथवेडा

आहेत. सहा. युद्धानंतर हे विमान क्लबात होतं, मग ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाची विमानं, ओढायला. दोन भोकांवर पत्र्याची ठिगळं आहेत, एकात ट्रॅफोलाइटची (थरांच्या प्लास्टिकची) कोरीव पाटी आहे, बाकी तीन उघडीच. ते पॅनेल काढून नवं कापायचं ठरवलंय, मूळच्या भोकांचंच.

भोकांची_वही

मग माझा विरोध नोंदवा, आणि तो नॉटवाल्यांच्या उलट टोकाचा आहे.

तुम्ही म्हणता पॅनेल १९४१चं असावं. विमान १९४१ साली जन्मलं, पण जगलं त्यानंतर. त्या सहा भोकांपैकी प्रत्येक भोक कोणीतरी, काहीतरी हवं होतं म्हणून पाडलंय. ग्लायडर ओढणाऱ्याला आरसा किंवा तापमापक हवा असेल, क्लबाला घड्याळ हवं असेल. ती विमानाची पोटापाण्याची वर्षं आहेत. युद्धाचा काळ दिमाखदार म्हणून तो ठेवायचा आणि तीस वर्षं राबल्याच्या खुणा भंगारात टाकायच्या, यात अस्सलपणा कुठे आला? तुम्ही कारखान्याच्या दारातून त्या दिवशी बाहेर पडलेलं विमान पुन्हा बनवताय, आणि तसं ते एकच दिवस होतं.

आजीच्या पितळी डब्यावर तिचं नाव ठिपक्यांनी कोरलेलं असतं, कुठे पोचा आलेला असतो. तो डबा कासाराकडे देऊन पोचे काढून, नाव घासून आणला तर घरातलं कोणी त्याला आजीचा डबा म्हणेल?

काठावरचा

मी मॉथवेडा यांच्या बाजूने. सहा भोकांचं पॅनेल उडत्या विमानात ठेवायचं म्हणजे कोणीतरी सातवं पाडणारच. एकदा मोकळं रान मिळालं की पडद्याला जागा झाली समजा.

जुहूचा_वारा

थोडं वेगळं सांगतो. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ला कराचीहून मुंबईला टपाल आणलं ते टायगर मॉथच्याच कंपनीच्या पस मॉथमधून, जुहूला उतरले. पन्नास वर्षांनी, १९८२ साली, वयाच्या ७८व्या वर्षी त्यांनी तोच प्रवास पुन्हा केला, पण पस मॉथमधून नव्हे, लेपर्ड मॉथमधून. घराणं तेच, विमान दुसरं. त्या उड्डाणाला खोटं कोणी म्हणालं नाही. जुहूच्या धावपट्टीवर म्हातारा माणूस एकटा उतरला, हे त्यातलं खरं होतं.

म्हणून मला वाटतं, नॉट की मैल, पडदा की मोकळी जागा, हे सगळं दुय्यम आहे. विमान उडत राहावं यासाठी जे लागेल ते बसवा. उडायचं थांबलेल्या मॉथचं पॅनेल कितीही अस्सल असलं तरी त्यावरचे सगळे काटे शून्यावरच.

मॉथवेडा

जुहूचा वारा, उदाहरण मनाला भिडलं, पण निष्कर्ष पटला नाही. 'जे लागेल ते बसवा' म्हणणं सोपं आहे. रेडिओचंच घ्या. तो सीटखाली लपवता येईल, बॅटरीवर चालेल, पॅनेलला भोक पडणार नाही, असं आमचे भागीदार म्हणाले. मलाही क्षणभर पटलं. मग इंजिनवाला म्हणाला की मूळच्या प्लगच्या वायरींना जाळीचं वेष्टण नाही, त्यामुळे रेडिओत इंजिनाची फडफड ऐकू येईल. म्हणजे वेष्टणाच्या वायरी आल्या. एका लपवलेल्या रेडिओपायी इंजिनाचं रूप बदललं.

आणि होकायंत्र. टायगरचं होकायंत्र द्रवात तरंगतं, वरच्या कड्यावर समांतर तारा, दिशा लावायची आणि लाल टोकावर लाल खूण आणायची. परवा भागीदाराने मांडीवर बांधायचा टॅब आणला, झाकणात लोहचुंबक असलेला. तो स्टिकजवळ नेताच सुई संथपणे बारा-पंधरा अंश सरकली आणि तिथेच राहिली. टॅब काढला, सुई परत आली. कॉकपिटात जी होकायंत्राची कार्डावर हाताने लिहिलेली चूक-दुरुस्ती असते ती मग कशाच्या आधारे लिहायची? टॅब असताना की नसताना?

भोकांची वही, तुमच्या आजीच्या डब्याने मात्र मला अडवलं. जुनं पॅनेल भंगारात जाणार नाही. त्याचं मापासकट रेखाटन करून, प्रत्येक भोकाचा फोटो काढून ते विमानाच्या कागदपत्रांसोबत ठेवीन. पण विमानात नवंच लागेल.

वेगाच्या डायलीवर तडजोड सुचवतो. मागे नॉट, कारण एकटा उडवणारा मागे बसतो. पुढच्या कॉकपिटात मैलांची मूळ डायल.

नॉटवाला

हे सर्वांत धोक्याचं. कृपा करून करू नका. पुढचा ओरडतो 'साठ धर', मागचा साठ धरतो, आणि दोघांचे साठ वेगळे. १९४१च्या कारखान्यानेही असं केलं नसतं. एकतर दोन्हीकडे नॉट, नाहीतर दोन्हीकडे मैल. दोन्हीकडे मैल ठेवलेत तर मी नाखुशीने का होईना उडवायला येईन. असं अर्धंमुर्धं केलंत तर येणार नाही.

नाशिकचा_फिटर

नॉटवाल्यांशी शंभर टक्के सहमत. एकाच विमानात दोन भाषा नकोत.

मैल ठेवायचे असतील तर हे करा. वेगमर्यादेच्या रंगीत रेघा डायलवर मारू नका, मूळ डायलवर त्या नव्हत्या. काचेवर बाहेरून मारा. उतरण्याचा वेग, न ओलांडायचा वेग, बस. उद्या कोणाला नको वाटल्या तर स्पिरिटच्या बोळ्याने निघतात, डायलला धक्का नाही. शेजारी छोटी पाटी लावा, उतरण्याचा वेग मैलांत लिहिलेली. नॉटवर शिकलेल्या पोराच्या डोळ्यांसमोर ती राहील.

आणि काचेवर रेघा मारल्यात की काच आणि कडं या दोघांवरून एक बारीक पांढरी रेघ ओढायची. काच कधी सैल होऊन फिरली तर ती रेघ तुटलेली दिसते, आणि उडण्याआधी कळतं की लाल रेघ आता भलत्याच आकड्यावर उभी आहे. तुमच्या त्या अल्टिमीटरची काच सैलच निघाली होती ना.

मॉथवेडा

पांढरी रेघ १९४१ला होती का, हे विचारणार होतो. विचारत नाही. ती ओढतो. दोन्ही कॉकपिटांत मैल, काचेवर रेघा, शेजारी पाटी. रेडिओवर शनिवारी चौघं पुन्हा बसतोय.

भोकांची_वही

जुन्या पॅनेलचे फोटो काढाल तेव्हा मागच्या बाजूचेही काढा. भोक पाडणाऱ्याने पेन्सिलने मारलेल्या खुणा बहुतेक वेळा तिकडेच असतात. आणि पॅनेल विमानातून उतरवण्याबद्दलचा माझा विरोध अजून तसाच आहे.