एकाच म्युझिकवर एवढी गाणी? डान्सहॉलवाले कोणी आहेत का इथे

गुडघेदुखी_32:
दोन महिने झाले डान्सहॉलच्या (जमैकाचं म्युझिक आणि त्यावरचा नाच) क्लासला जातेय, ऑफिसनंतर, गुडघे बोंबलतायत तो भाग वेगळा. काल सरांनी वॉर्मअपला ओळीने शॉन पॉलचं गेट बिझी, वेन वंडरचं नो लेटिंग गो आणि एक लुमिडीचं लावलं आणि तिन्हीत खाली तीच टाळी, म्हणजे अगदी तीच. मला वाटलं रिमिक्स, तर सर म्हणाले नाही, ही 'दिवाळी' आहे, आणि लगेच काउंट सुरू. कसली दिवाळी? आणि ही चोरी नाही का?

बेसवाला:
चोरी नाही ताई, तिकडची पद्धतच ती. गाण्याखालचं म्युझिक म्हणजे रिडिम, ते प्रोड्युसर एकदा बनवतो आणि मग दहा-पंधरा जण त्यावर आपापले शब्द म्हणून जातात. आपल्या भजनी मंडळात एकाच चालीवर चार अभंग बसवतात तेव्हा कोण चोर म्हणतं? दिवाळी हे त्या रिडिमचं नाव, स्टीव्हन 'लेंकी' मार्सडेनचं काम, त्यावरचं गेट बिझी 2003 ला अमेरिकेत एक नंबरला गेलं. आणि ह्या सगळ्यांचा बाप म्हणजे 1985 चा स्लेंग टेंग रिडिम. कॅसिओ एमटी-40, एवढासा कीबोर्ड, त्यातला रेडीमेड रॉकचा ठेका प्रोड्युसर किंग जॅमीने स्लो केला, वेन स्मिथ त्यावर गायला, झालं, वादक बोलवायची गरजच संपली. आणि हो, तिकडे डीजे म्हणजे माइकवाला, रेकॉर्ड लावणारा तो सिलेक्टर, आपल्या मिरवणुकीतला डीजे डोक्यातून काढ.

चाळकरी:
चाल सगळ्यांची वगैरे ठीक ए पण नाचणाऱ्याला काय मिळालं ते पण सांगा की. किंग्स्टनचा बोगल, खरं नाव जेराल्ड लेव्ही, हा स्टेप काढणार, लोक उचलणार, मग गायक त्याच स्टेपच्या नावाने गाणं काढणार आणि रेकॉर्डवर नाव गायकाचं. 2005 च्या जानेवारीत गोळ्या घालून मारलं त्याला. विली बाउन्स शिकवली असेल ना तुला, ती त्याचीच. क्लासमध्ये नाव घेतात का बघ.

गुडघेदुखी_32:
विली बाउन्स गेल्याच आठवड्यात केली, नाव कोणी घेतलं नाही 😐 अजून एक, जुने पासा पासा पार्टीचे व्हिडिओ बघितले, त्यात एवढा भगभगीत लाइट थेट तोंडावर का मारतात?

बेसवाला:
तो व्हिडिओ लाइट, त्याच्याशिवाय मजाच नाही. पासा पासा दर बुधवारी रात्री किंग्स्टनच्या टिवोली गार्डन्स वस्तीत भर रस्त्यात चालायचं आणि कॅमेरावाला लाइट घेऊन गर्दीत घुसायचा. त्याच्या टेपा, पुढे डीव्हीडी, न्यूयॉर्क-लंडन-टोरंटोच्या जमैकन घरांत जायच्या, म्हणजे लाइट तुझ्यावर थांबला तर तुझी परदेशातली मावशी पण बघणार. म्हणून ते रंगीत विग, चमचमते कपडे, लाइट आला की बाकीचे बाजूला आणि नाचणारी पुढे.

चाळकरी:
आणि त्या लाइटात उजळ दिसावं म्हणून काही जण तोंडाला गोरं करायचं क्रीम फासायचे. हे आपल्याला वेगळं समजवायला नको.

गुडघेदुखी_32:
नकोच. माझ्या मामीच्या कपाटात अजून दोन ट्यूब आहेत. उद्या सरांना बोगलचं विचारते.