होकुसाईइतकंच कातागामीचंही श्रेय
युरोपला जपानचं वेड लावलं ते होकुसाई या जपानी चित्रकाराच्या छापचित्रांनी, असं म्हणतात. खरंय, पण कातागामीला, म्हणजे कापड रंगवायच्या जपानी कागदी साच्यांना विसरू नका! तुतीच्या कागदाचे थर पर्सिमन फळाच्या रसाने चिकटवून त्यात नक्षी कोरायची. त्या भोकांतून कापडावर तांदळाची खळ लावायची आणि कापड निळीत बुडवायचं. खळीखालची जागा पांढरी राहते. नाजूक कोरीव भाग सुटू नये म्हणून थरांमध्ये केसासारखे बारीक रेशमी धागे. जपानच्या इसे भागातली शिरोको आणि जिके ही गावं यासाठी प्रसिद्ध. व्हिएन्नाच्या उपयोजित कला संग्रहालयात असे सुमारे ८,००० साचे आहेत. त्याच शहरातल्या कोलोमान मोझर या कलाकाराची कापडांवरची नक्षी बघा: आकृतीला जेवढा मान, तेवढाच मधल्या मोकळ्या जागेला. ही नजर मला तरी छापचित्रांपेक्षा कातागामीच्या जास्त जवळची वाटते.