लहान मुलीसाठी डिओ सुचवा (सोमवारच्या आत!)

चिऊची_आई
लेकीसाठी डिओ घ्यायचाय, पहिलाच. रोल-ऑन, स्प्रे की स्टिक? दुकानात बघितलं तर एकतर बाळांची पावडर नाहीतर मोठ्या बायकांचे उग्र वास, मधलं काही मिळेना. दोनदा आंघोळ घालून झाली, पावडर थापून झाली. सोमवारी शाळा आहे. कृपया थेट नाव सांगा, "स्वच्छता ठेवा" हे सांगू नका, ती ठेवतेच.

पमाताई
वय काय तिचं?

वसईकर
तुरटी! काखेत ओला खडा फिरवायचा, विषय संपला. आमच्या वडिलांनी दाढीनंतर जो खडा फिरवला तोच आम्ही तिघा भावंडांनी वापरला. दहा-वीस रुपयांचा तुकडा वर्ष काढतो.

टवाळ
एकच खडा चौघांत? वास जाईल नाहीतर काय, घाबरूनच जाईल.

जर्सीकर
आमच्याकडे न्यू जर्सीत ह्या वयाच्या मुलांसाठी वेगळं शेल्फच असतं. मी माझ्या लेकाला अ‍ॅल्युमिनियम-फ्री स्टिक देते. अ‍ॅल्युमिनियम अजिबात नको हं, लहान आहे. कुणी येणारं असेल तर मागवून घे.

चिऊची_आई
सोमवारपर्यंत जर्सीहून कोण येणार आहे? मी डोंबिवलीत राहते.

निवृत्त_मास्तर
नाव सांगण्याआधी एक गोष्ट. डिओडरंट आणि अँटीपर्स्पिरंट ह्या दोन वेगळ्या वस्तू आहेत, दुकानदार दोन्हीला "डिओ"च म्हणतो. डिओडरंट वासाचं काम बघतं. अँटीपर्स्पिरंटमध्ये अ‍ॅल्युमिनियमचे क्षार असतात, ते घामाच्या नळ्यांची तोंडं काही काळ बुजवतात. घामाला स्वतःचा असा वास जवळपास नसतोच, त्वचेवरचे जिवाणू काखेतला दाटसर घाम फोडतात तेव्हा वास येतो. म्हणून नुसत्या घामावर पावडर मारून उपयोग नाही.

आणि जर्सीकर, तुरटी म्हणजे पोटॅशियम अ‍ॅल्युमिनियम सल्फेट. त्या पारदर्शक खड्याच्या "नैसर्गिक" स्टिक मिळतात ना, त्या बहुतेक तुरटीच्याच. वसईकरांचा खडा, फक्त टोपण घातलेला.

वसईकर
धन्यवाद मास्तर!! चाळीस वर्षं हेच सांगतोय मी घरी.

जर्सीकर
मी ज्या स्टिकबद्दल बोलतेय त्यात तुरटी नाहीये. लेबल वाचूनच घेते मी. तुम्ही न बघताच बोलताय.

निवृत्त_मास्तर
"बहुतेक" हा शब्द मीही लिहूनच घेतला होता.

शुद्ध_सात्विक
आहार बघा. मांसमच्छी, कांदा-लसूण बंद केलंत तर पंधरा दिवसांत फरक पडेल. आमच्या घरात कुणालाच डिओ लागत नाही.

वसईकर
आमच्या घरात रोज मासे असतात आणि आम्हालाही लागत नाही. आता?

टवाळ
मेथीचे लाडू बंद करा म्हणावं आधी. बाळंतिणीच्या घामालाही मेथीचा वास येतो.

शुद्ध_सात्विक
चेष्टा करा. शास्त्र आहे ते.

पमाताई
अहो भांडण नंतर. चिऊची_आई, वय सांग ना. आणि नुसता घाम आहे की खरंच मोठ्या माणसासारखा वास?

चिऊची_आई
वास. मोठ्यांसारखाच. सव्वासात वर्षांची आहे, दुसरीत. बाईंनी डायरीत लिहिलं नाही, मला बाजूला घेऊन तोंडी सांगितलं. व्हॅनमध्ये एक मुलगा नाक धरतो म्हणे, तेव्हापासून ही व्हॅनमध्ये बसायलाच रडते. म्हणून घाई आहे. आता तरी नाव सांगा.

घरगुती_उपाय
खोबरेल तेलात खायचा सोडा कालवून डबीत भरून ठेव. बोटभर लावायचं. माझी रेसिपी फार जणींनी नेलीये.

निवृत्त_मास्तर
लहान मुलीला सोडा नको. त्वचा किंचित आम्लधर्मी असते, सोडा अल्कधर्मी. मोठ्यांच्यासुद्धा काखा लाल होतात त्याने.

पमाताई
सव्वासात हे आधी सांगायचंस गं. डिओ राहू दे बाजूला, आधी मुलांच्या डॉक्टरांना दाखव. मुलीला आठच्या आत (मुलाला नऊच्या आत) मोठ्यांसारखा वास यायला लागला तर एकदा दाखवावं, असं आम्हालाही सांगितलं होतं. माझ्या धाकटीला साडेसातला सुरू झालं. मूत्रपिंडांच्या वर ज्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी असतात, त्या काही मुलांत लवकर जाग्या होतात. बहुतेक वेळा काही निघत नाही, नुसतं लक्ष ठेवतात. पण तपासल्याशिवाय आपल्याला कसं कळणार?

आमच्या डॉक्टरांनी डाव्या हाताचा एक्स-रे काढायला लावला, हाडांचं वय बघायला. थोडं रक्त घेतलं. पुढे दर सहा महिन्यांनी उंची. काही निघालं नाही, आता ती अकरावीत आहे.

तू बघितलंस का, काखेत किंवा खाली केस आलेत का? तोंडावर पुटकुळ्या? यंदा अचानक उंच झाली का? छातीत दुखतं म्हणते का?

चिऊची_आई
मी डिओ विचारला होता. हॉस्पिटल नाही. सात वर्षांच्या मुलीबद्दल असलं वाचून माझे हातपाय गार पडले.

हडपसरी
युनिफॉर्म कसला आहे? टेरिकॉट असेल तर वास त्यातच राहतो. आमच्याकडे मुलगा चकचकीत धुतलेला आणि शर्ट अंगात घातल्याच्या दहाव्या मिनिटाला हजर! काखेची बाजू उलटी करून अर्धा तास व्हिनेगर घातलेल्या पाण्यात भिजव, मग साबण. उन्हात वाळव. मशीनचा पंधरा मिनिटांचा थंड वॉश पुरत नाही.

जर्सीकर
व्हिनेगरचा वास राहतो कपड्याला.

हडपसरी
धुतल्यावर राहत नाही. करून बघा.

चिऊची_आई
पमाताई, सॉरी. रात्री झोपल्यावर टॉर्च लावून बघितलं. काखेत तीन-चार केस आहेत. काळे, जाडसर. मी लव समजत होते. शिवाय थोडी लाल झालीये तिथे. सासूबाई रोज सकाळी लिंबाची फोड चोळत होत्या, मला आज कळलं.

निवृत्त_मास्तर
लिंबू आजपासून बंद. आम्ल आहे ते, आणि लिंबाचा रस अंगावर ठेवून उन्हात गेलं तर काळे चट्टे उठतात. त्या लाल जागेवर सध्या काहीच लावू नका, तुरटीसुद्धा नाही. साध्या साबणाने धुवा, टॉवेलने टिपून पूर्ण कोरडं करा, मग सुती बनियन.

पमाताई
घाबरू नकोस. सोमवारी व्हॅनमधून पाठवू नकोस एवढंच, स्वतः सोड. आणि तिच्यासमोर "वास" हा शब्द कमी काढा, सासूबाईंनासुद्धा सांग.

घरगुती_उपाय
माझ्या रेसिपीत सोडा अर्धा केला तरी चालतो.

चिऊची_आई
(गुरुवार) दाखवून आले. डॉक्टरांनी उंची-वजन मागच्या दोन वर्षांच्या आकड्यांशी ताडून बघितलं, तपासलं. छातीत वगैरे काही नाही. पमाताई म्हणाल्या तसंच, ग्रंथी लवकर जाग्या झाल्यात असं वाटतंय. तरी एक्स-रे आणि रक्त करायचंय, शनिवारी नंबर आहे. रोल-ऑन चालेल म्हणाले, बिनवासाचा, लाली गेल्यावर, कोरड्या अंगावर. स्प्रे नको, तिला सर्दी झाली की दमा होतो. (हे मी इथे लिहिलंच नव्हतं, आता लक्षात आलं.)

हडपसरी, शर्टाचं तुमचं बरोबर निघालं. धुतलेला शर्ट इस्त्री करताना हुंगला तर अर्धा वास त्यातच. दोन नवीन आणले, जुने भिजत घातलेत. सोमवारपासून मीच सोडतेय.

वसईकर
डॉक्टरांना तुरटीचं विचारलंत का?

चिऊची_आई
विचारलं. लाली गेल्यावर हरकत नाही म्हणाले. सासूबाईंनी येताना वाण्याकडून पाव किलो घेतली.