नेपाळी येणारं कोणी आहे का? उद्याच हवंय!

विणकाम: पहिल्यांदा भेटलेल्या माणसाला नेपाळीत काय म्हणतात एवढंच सांगा, व्याकरण नको. नेटवर एक म्हणतो नमस्ते, दुसरा नमस्कार, तिसरा भलतंच काहीतरी. मी हे पाठ केलंय: "नमस्ते, तिमीलाई कस्तो छ?" लिपी आपलीच, त्यामुळे वाचता येतंय. एवढ्यावर भागेल ना? उद्या संध्याकाळी बोलायचंय.

बोका_नं_२: कोणाशी? ऑफिसात, वाटाड्याशी, की आणखी कोणाशी?

डोंगरवेडा: मी एव्हरेस्ट बेस कॅम्प केलाय, माझं ऐका. सरळ "टाशी देलेक" म्हणा, चेहरे खुलतात. आणि नामचे बाजारला एक मुक्काम जास्त ठेवाच. तिथेच ३४४० मीटर होतात, लोक घाईने वर जातात आणि डोकं धरून बसतात. "बिस्तारै, बिस्तारै", म्हणजे हळूहळू, हा एक शब्द शिकलात तरी बास.

शब्दखुळा: टाशी देलेक तिबेटी आहे. शेर्पांच्या गावात चालतं म्हणून अख्ख्या नेपाळात नका वाटत फिरू.

डोंगरवेडा: चौदा दिवस राहिलोय तिथे. आपण?

विणकाम: अहो ट्रेक नाहीये! लेकाच्या होणाऱ्या सासूसासऱ्यांशी व्हिडिओ कॉल आहे. मुलगी बंगळुरूला त्याच्याच टीममध्ये आहे. आईवडील पाटणला असतात.

सातारकर: पाटण म्हणजे आमच्याच जिल्ह्यातलं की! मग नेपाळी कशाला, "काय पाव्हणं, बरं हाय का" म्हणा.

विणकाम: काठमांडूशेजारचं पाटण!!! ललितपूर म्हणतात ते.

बोका_नं_२: हे पहिल्या ओळीत लिहिलं असतंत तर डोंगरवेडा वर चढलेच नसते.

शब्दखुळा: ताई, ते "तिमीलाई" आधी पुसून टाका. कानाला आपल्या "तुम्ही"सारखं लागतं, पण दर्जा तो नाही. नेपाळीत चढत्या पायऱ्या आहेत: तँ, तिमी, तपाईं, हजुर. तिमी म्हणजे मित्र, धाकटी भावंडं, फार तर बायको. व्याह्यांना पहिल्याच कॉलवर तिमी म्हणजे आपल्याकडे "काय रे, कसा आहेस" झालं. तुम्ही म्हणा: "नमस्कार, सन्चै हुनुहुन्छ?" सन्चै म्हणजे खुशाल, आणि त्यातला च आपल्या चमच्यातला, चिमणीतला नाही. हुनुहुन्छ या क्रियापदातच मान आला, त्यामुळे वेगळं सर्वनाम नाही घेतलंत तरी चालतं. नमस्तेही चुकीचं नाही, नमस्कार जरा जास्त रीतसर. निरोप घेताना "भेटेर खुसी लाग्यो".

दोन खड्डे आणखी आहेत. सवयीने त्यांना "वहिनी" म्हणाल, त्यांच्या कानाला ते "बहिनी" लागेल, म्हणजे धाकटी बहीण. त्या वयाने मोठ्या निघाल्या तर पंचाईत. तसंच "भाइ" म्हणजे धाकटा भाऊ, मोठ्याला "दाइ". वय माहीत नसेल तर नातं लावूच नका, "हजुर" म्हणा. तेच "हो" म्हणून चालतं, तेच "काय म्हणालात?" म्हणूनही.

स्पष्टवक्ता: कशाला एवढा खटाटोप? सगळ्या नेपाळ्यांना हिंदी येतं. आमच्या सोसायटीतल्या बहादुरशी मी दहा वर्षं हिंदीत बोलतोय.

चिंचगूळ: त्याचं नाव बहादुरच आहे?

स्पष्टवक्ता: सगळे तेच म्हणतात.

चिंचगूळ: मी नाव विचारलं. तसंच "कान्छा". तो त्यांच्या घरातला धाकटा मुलगा, घरच्यांनी म्हणायचा शब्द. परक्याने हाक मारायची म्हणून नाही. काकू, तुम्ही हे दोन्ही चुकूनही काढू नका.

स्पष्टवक्ता: झालं, आता बोलायचीही चोरी.

घाटावरची: मी तर म्हणते पाया पडायचं काय ते आधी ठरवा. माझी जाऊ दार्जिलिंगची आहे, छेत्री. त्यांच्यात मुलीने आईबापाच्या पाया पडायचं नसतं, आईबापच मुलीच्या पाया पडतात! आमच्या सासूबाईंनी लग्नात ते पाहिलं आणि डोळेच पुसायला लागल्या. कॉलवर मुलगी असेल तर...

बोका_नं_२: व्हिडिओ कॉलवर कोण कोणाच्या पाया पडणार?

घाटावरची: पुढे कामाला येईल म्हणून सांगितलं.

काठमांडूत_चार_वर्षं: उशिरा आले. कोणीच विचारलं नाही म्हणून विचारते, आडनाव काय?

विणकाम: श्रेष्ठ. त्याने काय फरक पडतो? आम्ही जातबीत बघत नाही.

काठमांडूत_चार_वर्षं: जातीसाठी नाही हो. श्रेष्ठ आणि पाटणचे म्हणजे नेवार, काठमांडू खोऱ्यातला मूळचा समाज. घरात बहुतेक नेपाळ भाषा बोलत असतील आणि ती नेपाळीहून पूर्ण वेगळी, तिबेटी-बर्मी कुळातली. शब्दखुळांचं वाक्य बिनधास्त वापरा, नेपाळी त्यांना येतच असणार. पण सुरुवातीला हात जोडून "ज्वजलपा" म्हणालात तर बघा काय होतं ते. आभाराला "सुभाय्". आमच्या घरमालकीणबाई माझ्याशी महिनाभर कामापुरतं बोलायच्या. एकदा जिन्यात मी तोंडातल्या तोंडात ज्वजलपा म्हणाले, तर हातातली भाजीची पिशवी पायरीवर ठेवून हात जोडले आणि ओढत चहाला नेलं. वर मुलीला फोन लावून तिलाही ऐकवायला लावलं.

पाया पडण्याचं घाटावरचींचं खरं आहे, पण ते बाहुन (तिकडचे ब्राह्मण) आणि छेत्रींकडचं. इथे लावू नका.

आणि घरी जाल तेव्हा मनाची तयारी ठेवा. शुभकार्यात सगुन देतात, त्यात उकडलेलं अंडं, मासा आणि ऐला असतो. ऐला म्हणजे घरी गाळलेली तांदळाची दारू.

विणकाम: आमच्याकडे कांदासुद्धा चातुर्मासात बंद असतो!!

काठमांडूत_चार_वर्षं: मुलीकरवी आधी कळवा. आणि काहीही घेताना उजवा हात पुढे, डाव्याने उजव्या कोपराला टेकवून.

डोंगरवेडा: हे शेर्पाही करतात. सांगणारच होतो.

बोका_नं_२: काकू, कॉल किती वाजता ठरलाय?

विणकाम: आठला. त्यांनीच वेळ दिली.

बोका_नं_२: त्यांच्या आठला? नेपाळचं घड्याळ आपल्या पंधरा मिनिटं पुढे असतं. तुमचे पावणेआठ.

विणकाम: अरे देवा. आणि हे साडेसातला ऑफिसातून येतात.

सातारकर: भावजींना म्हणावं, बिस्तारै नको.