फुटेजवरची ५:३८ ची वेळ

बी-१०४: मंगळवारचं फुटेज पाहिलं का सगळ्यांनी? सकाळी ५:३८ ला सायकल गेटबाहेर जाऊन राहिली. सहापर्यंत ड्युटी रात्रीच्या वॉचमनचीच असते. आणखी काय पुरावा पाहिजे? माझ्या पोराची नवी सायकल चोरीला गेली.

सचिव: वॉचमनच्या एजन्सीला काल फोन केला. आजपासून ते वॉचमन येणार नाहीत.

सी-५०१: एक विचारू का? मी रोज गच्चीवर कुरडया वाळत घालून राहिले. पावणेसहाला ऊन जेमतेम पाण्याच्या टाकीला लागतं. ह्या व्हिडिओत तर पार्किंगच्या तिसऱ्या खांबापर्यंत ऊन आलंय. ५:३८ ला तिथं ऊन कसं येईल?

बी-१०४: काकू, वेळ स्क्रीनवर लिहून आहे ना.

ए-२०२: काकू बरोबर सांगून राहिल्या. मी आत्ताच केबिनमधून एनव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं फुटेज साठवणारा रेकॉर्डर, पाहून आलो. कॅमेऱ्यासमोर मोबाईल धरला. मोबाईलवर ९:१०, रेकॉर्डरवर ८:२३. घड्याळ ४७ मिनिटं मागे आहे! मंगळवारचंही तपासलं. ६:५० ची स्कूल व्हॅन त्यात ६:०३ ला येते. म्हणजे सायकल ६:२५ ला गेली. आपले वॉचमन भाऊ डबा घेऊन बाहेर पडताना ५:१६ च्या शिक्क्यावर दिसतात, खरी वेळ ६:०३. रजिस्टरमध्ये सहीही सहाचीच आहे.

सचिव: अरे बापरे. पण घड्याळ चुकतं कसं? इंटरनेटला जोडलेलं आहे ना ते?

ए-२०२: जोडलेलं आहे, पण सेटिंगमध्ये एनटीपी बंद होतं. एनटीपी म्हणजे इंटरनेटवरच्या टाइम सर्व्हरशी घड्याळ आपोआप जुळवून घ्यायची सोय. ते बंद असलं की रेकॉर्डर आपल्या आतल्या घड्याळावर चालतो, आणि ते हळूहळू सरकत जातं. चित्रावर जी तारीख-वेळ उमटते तिला ओएसडी म्हणतात. रेकॉर्डर जे समजतो तेच ती छापते. हा शब्द आपल्याला आधी कळला असता तर एका माणसाची रोजी गेली नसती. मला हे फार लागलं, म्हणून लिहून राहिलो.

बी-३०२: मोबाईल ॲपवर तर चेहरा धूसर दिसतो. कॅमेरे चांगले नाहीत का?

ए-२०२: कॅमेरे चांगले आहेत. ॲपवर सब स्ट्रीम दिसतो, डेटा वाचावा म्हणून कमी दर्जाचं चित्र. डिस्कवर मेन स्ट्रीम, म्हणजे पूर्ण दर्जाचं चित्र, साठतो. पार्किंगचा कॅमेरा ४ मेगापिक्सेलचा, म्हणजे २५६० बाय १४४० ठिपक्यांचा. मी केबिनमधल्या स्क्रीनवर मेन स्ट्रीम पाहिला, सायकल नेणाऱ्याच्या शर्टाचे पट्टेसुद्धा मोजता येतात. ग्रुपवर फिरते ती क्लिप कोणीतरी स्क्रीनसमोर मोबाईल धरून काढलेली, वरून व्हॉट्सॲपनं आणखी दाबलेली. तिच्यावरून कोणाला ओळखू नका.

सी-५०१: ती क्लिप काढून टाका बाबा. त्या माणसाचा चेहरा आहे त्यात.

सचिव: ॲडमिन म्हणून काढून टाकली. बाकीच्यांनीही पुढे पाठवली असेल तिथून काढा.

बी-१०४: मग खरा चोर शोधायला वेळ आहे ना? कोटेशनवर ३० दिवस रेकॉर्डिंग लिहून होतं.

ए-२०२: नाही, घाई करावी लागेल. आपले ८ कॅमेरे, प्रत्येकाचा बिटरेट, म्हणजे सेकंदाला साठणारा डेटा, ४ एमबीपीएस (मेगाबिट). एका कॅमेऱ्याचे दिवसाला ४३ जीबी होतात, आठांचे ३४५ च्या आसपास. डिस्क ४ टीबीची. साडेअकरा दिवसांत भरते. ओव्हरराइट चालू असल्यानं मग सगळ्यात जुनं पुसून त्यावर नवं चढतं. ३० दिवस हा आकडा बहुतेक मोशन रेकॉर्डिंग धरून लिहिलाय, म्हणजे हालचाल झाली तरच साठवायचं. आपलं चोवीस तास चालू आहे. ते तसंच राहू द्या, मोशनमध्ये एखादा क्षण सुटू शकतो. त्यापेक्षा व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत एच.२६४ ऐवजी एच.२६५ लावू. तेच चित्र जवळपास निम्म्या जागेत मावतं, मग साधारण २३ दिवस मिळतील. पूर्ण महिना पाहिजे तर ६ टीबीची डिस्क घ्यावी लागेल.

सचिव: पुढच्या सभेत डिस्कचा ठराव ठेवतो. आज काय करायचं?

ए-२०२: मंगळवारचं ५ ते ७ चं फुटेज मूळ फाईलमध्ये पेनड्राइव्हवर एक्स्पोर्ट केलंय. त्या वेळेत रेकॉर्डर ४७ मिनिटं मागे होता, हेही कागदावर लिहून सही केली. पोलिसांकडे जाल तेव्हा दोन्ही न्या. कोर्टात अशा फाईलसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्यात फाईलची हॅश किंमतही भरायची असते, म्हणजे फाईलवरून काढलेला असा कोड, जो फाईलमध्ये जरा बदल झाला तरी बदलतो. म्हणून फाईल कापू नका, नाव बदलून दुसऱ्या स्वरूपात करू नका. एनटीपी चालू केलं, टाइमझोन भारताचा लावला. आता मोबाईल आणि स्क्रीन, दोन्हीकडे एकच वेळ.

बी-१०४: मी सगळ्यांसमोर लिहून राहिलो. चूक माझी. न तपासता माणसावर आळ घेतला. सचिव, एजन्सीला फोन करून त्यांना उद्यापासून बोलवा. मी आज संध्याकाळी त्यांच्या घरी जातो.

सचिव: फोन लावतो आत्ताच. बुडालेल्या दिवसाचा पगारही सोसायटी देईल.

सी-५०१: थांबा, एकटे जाऊ नका. मी येते सोबत.